सिमेंटचा पत्रा उतरवताना

पत्रा म्हटला की आपल्याकडे त्याचे दोनच प्रकार: एक लोखंडी आणि दुसरा सिमेंटचा. लोखंडी पत्रा उन्हात तापतो, पावसात ताशा वाजवतो आणि काही वर्षांत गंजून त्याची चाळणी होते. सिमेंटचा पत्रा यातले काहीच करीत नाही. गंजत नाही, जळत नाही, दुपारी त्याच्याखाली बसता येते आणि किंमतही परवडते. म्हणून तो गिरण्यांच्या शेडवर चढला, शाळांच्या वर्गांवर चढला, पिठाच्या गिरणीवर, गोठ्यावर, नाशिककडच्या कांदा चाळींवर आणि बंगल्यामागच्या मोटारीच्या गॅरेजवरही चढला. या लेखाच्या वाचकांपैकी निम्म्यांच्या तरी आयुष्यातली काही वर्षे अशा पत्र्याखाली गेली असतील.

या पत्र्याचे पूर्ण नाव मात्र आपण कधी घेत नाही. दुकानदार त्याला ‘ए.सी. शीट’ म्हणतो. त्यातला ‘सी’ सिमेंटचा हे सगळ्यांना ठाऊक असते. ‘ए’ कशाचा, हे फारसे कोणी विचारत नाही. तो अॅस्बेस्टॉसचा. सरकारी कागदांतही हे नाव असेच लपून बसते. २०११ सालच्या जनगणनेत घरांच्या छपरांचे प्रकार मोजले गेले, तेव्हा लोखंडी पत्रा आणि अॅस्बेस्टॉसचा पत्रा एकाच रकान्यात घातला होता. देशातली सुमारे १६ टक्के घरे त्या रकान्यात मोडली. त्यांतली किती घरे गंजणाऱ्या पत्र्याखाली आणि किती न गंजणाऱ्या, हे त्या आकड्यावरून कळायला मार्ग नाही.

मी हे सारे वाचायला लागले ते आमच्या गॅरेजमुळे. माझ्या सासऱ्यांनी १९७६ साली फियाट घेतली आणि तिच्यासाठी अंगणाच्या कडेला लोखंडी अँगलचा सांगाडा उभा करून त्याला तिन्ही बाजूंनी आणि वरून पत्रे ठोकून घेतले. फियाट कधीच गेली. मग त्या जागेत आधी सायकली, मग स्कूटर, मग जुनी रद्दी आणि दिवाळीचे कंदील राहू लागले. दोन वर्षांपूर्वीच्या वळिवात शेजारच्या आंब्याची फांदी छपरावर कोसळली, दोन पत्रे तडकले आणि गॅरेज पाडायचे ठरले.

पाडायला माणूस शोधण्याची वेळच आली नाही. तीन जण आपणहून दारात आले. तिघांचेही म्हणणे एकच. मजुरी नको, पत्रे आम्हाला द्या. अर्ध्या दिवसात जागा मोकळी करून देतो. कशी करणार, असे विचारल्यावर एकाने हातातला हातोडा नुसता उंच करून दाखवला. बोल्ट गंजलेले असतात, ते उघडत बसण्यापेक्षा बोल्टाभोवतीचा पत्रा फोडला की काम उरकते. जे शाबूत निघतील ते विकायचे, जे फुटतील ते कुठल्यातरी खड्ड्यात भरायचे. गावोगाव ही रीत आहे आणि ती स्वस्त आहे. मी शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवले आहे. तो हातोडा पाहिल्यावर मी त्या माणसाला चहा दिला, नाही म्हणून सांगितले आणि कपाटातली पुस्तके काढून बसले.

अॅस्बेस्टॉस हे काही कारखान्यात तयार केलेले रसायन नव्हे. तो खाणीतून निघणारा खनिज धागा आहे. दगड असून तो पिंजता येतो, विणता येतो आणि आगीत घातला तरी जळत नाही. ऑस्ट्रियातल्या लुडविग हाचेक नावाच्या कारखानदाराने या धाग्याचा लगदा सिमेंटमध्ये कालवून, कागद बनवण्याच्या यंत्रासारख्या यंत्रावर त्याचे पातळ तक्ते काढले आणि १९०१ साली त्याचे पेटंट घेतले. त्या मालाला त्याने ‘एटर्निट’ हे नाव दिले. लॅटिनमध्ये त्याच्या मुळाशी ‘चिरंतन’ असा अर्थ आहे. पत्र्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास सिमेंट वगैरे असते आणि धागा असतो साधारण दहा टक्के. मातीच्या भिंतीत भुसा असतो तसा तो सिमेंटला धरून ठेवतो.

पत्रा शाबूत असेपर्यंत धागाही सिमेंटमध्ये घट्ट अडकलेला राहतो. हे आवर्जून सांगायला हवे, कारण ‘अॅस्बेस्टॉस’ हा शब्द ऐकून काही जण एकदम घाबरतात. नुसता डोक्यावर असलेला धड पत्रा कुणाला आजारी पाडीत बसत नाही. पत्रा फोडला, कापला, घासला किंवा त्याला यंत्राने भोक पाडले की धागे सुटतात. चाळीस-पन्नास पावसाळे खाल्लेल्या पत्र्याचा वरचा सिमेंटचा थर झिजतो, हात फिरवला तर पांढरट भुकटी लागते, कडेला लव आल्यासारखे दिसते. ती लव म्हणजेच उघडे पडलेले धागे. ते पुढे उभे चिरत जातात आणि इतके बारीक होतात की माणसाचा केस त्यांच्यापुढे दोरखंड वाटावा. डोळ्यांना दिसत नाहीत, वास येत नाही, खोकला येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. मिरचीची धूळ बरी. ती निदान ओरडून सांगते.

श्वासाबरोबर आत गेलेला हा धागा फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतो आणि शरीराला तो सहजी विरघळवता येत नाही, बाहेरही टाकता येत नाही. १९२४ साली इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी नेली केर्शॉ नावाची तिशीतली कामगार बाई दगावली. अॅस्बेस्टॉसच्या गिरणीत ती सूत कातण्याच्या कामाला होती. तिच्या फुप्फुसांची तपासणी करणाऱ्या डॉ. कुक यांनी त्याच वर्षी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात तिच्या आजाराविषयी लिहिले. १९३० साली ब्रिटिश सरकारच्या तपासनिसांनी अहवाल दिला आणि १९३१ साली तिथे गिरण्यांतल्या धुळीवर नियम आले. १९६० साली दक्षिण आफ्रिकेतले डॉ. वॅग्नर आणि त्यांचे सहकारी यांनी फुप्फुसाच्या आवरणाला होणाऱ्या एका दुर्मीळ कर्करोगाच्या ३३ रुग्णांची हकीकत छापली. मेसोथेलिओमा हे त्याचे नाव. जवळजवळ सगळ्यांचा अॅस्बेस्टॉसच्या खाणींच्या मुलखाशी संबंध निघाला. त्यांतले सगळेच खाणीत कामाला नव्हते. काही जण लहानपणी नुसते त्या भागात राहिले होते.

मला सर्वांत अस्वस्थ केले ते १९६५ सालच्या लंडनमधल्या अभ्यासाने. न्यूहाउस आणि थॉम्पसन या दोघी संशोधक बायकांनी एका इस्पितळातल्या मेसोथेलिओमाच्या रुग्णांची पूर्वपीठिका शोधली. काही रुग्ण असे निघाले की त्यांनी कारखान्याची पायरीसुद्धा चढलेली नव्हती. त्यांच्या घरातले कुणी तिथे कामाला होते आणि कामाचे कपडे घरी येत होते. ते झटकणे आणि धुणे हे घरातल्या बाईचे काम होते.

या आजारांची चाल फार संथ असते. धागा आत गेल्यापासून कर्करोग उघडकीला यायला वीस, तीस, कधी चाळीस वर्षे लागतात. तोवर माणूस गाव बदलतो, धंदा बदलतो, त्याला ते काम आठवतही नाही. डॉक्टरने विचारलेच तर तो सांगतो, ‘मी बांधकामावर होतो.’ विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या बाबतीत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कैकपटीने वाढतो. अॅस्बेस्टॉसचे सगळे प्रकार कर्करोगाला कारण होतात, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दिलेला आहे. अमुक मात्रेपर्यंत मुळीच धोका नाही, अशी रेघ कुणाला आखता आलेली नाही.

ब्रिटनने निळ्या आणि तपकिरी अॅस्बेस्टॉसवर १९८५ साली आणि पांढऱ्यावर १९९९ साली बंदी घातली. युरोपीय संघाने २००५ पासून पूर्ण बंदी आणली. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात तर अॅस्बेस्टॉस नावाचे गावच होते आणि खाणीच्या जिवावर ते जगत होते. खाण बंद पडल्यावर २०२० साली गावकऱ्यांनी मतदान करून गावाचे नाव बदलले. अमेरिकेने पांढऱ्या अॅस्बेस्टॉसवर बंदीचा नियम केला तो २०२४ साली. आपल्याकडे अॅस्बेस्टॉसच्या खाणींना नवे पट्टे देणे १९८६ सालापासून थांबवले गेले, पण बाहेरून धागा आणून पत्रे बनवायला मनाई नाही. म्हणजे आपल्या जमिनीतून काढायचा नाही, दुसऱ्याच्या जमिनीतला चालतो!

पत्रे बनवणाऱ्यांची बाजूही ऐकायला हवी. ते म्हणतात, आम्ही वापरतो तो पांढरा अॅस्बेस्टॉस, तो सिमेंटमध्ये जखडलेला असतो, कारखान्यात ओल्या प्रक्रियेने काम होते आणि गरिबाला याच्याइतके स्वस्त, टिकाऊ छप्पर दुसरे नाही. यातला शेवटचा मुद्दा खोटा नाही. ज्याचे छप्पर प्लॅस्टिकचे आहे त्याला सिमेंटचा पत्रा ही बढती असते. पण कारखान्यातली धूळ कारखानदार सांभाळेल असे क्षणभर धरून चालले, तरी पत्र्याचे पुढचे पन्नास वर्षांचे आयुष्य कोण सांभाळणार? नळासाठी भोक पाडणारा, डिश अँटेना बसवणारा, छपराची उंची वाढवणारा आणि शेवटी हातोडा घेऊन येणारा, यांच्यापैकी कुणालाही त्या कारखानदाराने पाहिलेले नसते.

अहमदाबादच्या एका ग्राहक संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये दिलेला निकाल या बाबतीत वाचण्यासारखा आहे. कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत अधिकाराचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. अॅस्बेस्टॉसच्या कामगाराच्या प्रकृतीची नोंद कामाला लागल्यापासून किमान चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांतले जे नंतरचे असेल तिथवर ठेवावी, असा आदेश दिला. चाळीस वर्षे हा आकडा सहज आलेला नाही. रोगाच्या चालीवरून तो आलेला आहे. पण ही नोंद झाली हजेरीपटावर नाव असलेल्या कामगाराची. मजूर नाक्यावरून सकाळी आठ वाजता उचलून आणलेल्या आणि संध्याकाळी रोख पैसे घेऊन जाणाऱ्या माणसाची नोंद कोणत्या वहीत होणार? २००६ साली फ्रान्सच्या ‘क्लेमेन्सो’ या जुन्या युद्धनौकेत अॅस्बेस्टॉस आहे म्हणून एवढा गदारोळ झाला की अलंगच्या वाटेवरून ती बोट परत बोलावली गेली. त्या फेब्रुवारीत अॅस्बेस्टॉस हा शब्द रोज वर्तमानपत्रात होता. आमच्या गॅरेजचा संबंध त्या बातमीशी जोडावा, असे तेव्हा घरात कुणाच्या मनातही आले नाही.

असो. आमचे काम शेवटी माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने केले. तो आता फॅब्रिकेशनची कामे घेतो, हाताखाली चार माणसे आहेत. “बाई, एवढ्या पत्र्यांना दोन दिवस?” असे त्याने दोनदा विचारले. मी त्याला फुप्फुसाची आकृती काढून दाखवली. वर्गात त्याने ती कधी नीट पाहिली नव्हती, या वेळी पाहिली.

पहिला नियम ठरला तो धाग्याचा नव्हे, पडण्याचा. पत्र्यावर पाय ठेवायचा नाही. हा पत्रा दिसायला दगडासारखा, पण माणसाच्या वजनाने बिस्किटासारखा मोडतो आणि मोडताना आधी करकरत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर गळती काढायला, प्लॅस्टिक अंथरायला किंवा पतंग काढायला वर चढलेली किती माणसे अशी खाली आली असतील! चढलेच पाहिजे असे असेल, तर खालच्या अँगलला आधार मिळेल अशी रुंद फळी टाकून आणि कमरेला पट्टा बांधूनच. आमचे गॅरेज बुटके होते. आतून लोखंडी घोडे लावून, त्यांवर फळ्या टाकून सगळे काम खालून करता आले.

दुसरी गोष्ट पाणी. ओला धागा उडत नाही. बागायतदार पाठीवर घेतात तसा फवारणीचा पंप नवा आणला आणि पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचे थोडे द्रावण घातले, म्हणजे पाणी पत्र्यावरून नुसते ओघळून न जाता मुरते. नळीने जोरात मारा करायचा नाही, त्याने उलट पृष्ठभाग खरवडतो. काम सुरू करण्याआधी आतून-बाहेरून भिजवायचे आणि वाळत आले की पुन्हा. पाणी घालून-घालून पत्रा निसरडा होतो, तेवढे मात्र ध्यानात ठेवायचे.

तिसरी गोष्ट बोल्ट. छपराचा पत्रा जे आकाराच्या हुकाने खालच्या अँगलला धरलेला असतो. वर नट, लोखंडी चकती आणि खाली डांबरी वॉशर. अठ्ठेचाळीस वर्षांच्या गंजाने नट एकजीव झालेले. ग्राइंडर लावू का, असे पोरांनी लगेच विचारले. ग्राइंडर बंद, ड्रिल बंद, हातोडा बंद. बोल्टाभोवती पत्र्याला ग्राइंडरची कड लागली तर मिनिटाभरात दिवसभराची धूळ निघते. घोड्यावर उभे राहून आतल्या बाजूने, पत्र्याच्या खाली, हुकाचा दांडा बोल्ट कटरने कापला. एकेका हुकाला जोर लागत होता, पण पत्र्याला धक्का न बसता तो सुटत होता. पत्रे एकमेकांवर चढवलेले असतात, तेव्हा बसवताना जो शेवटी बसवला तो आधी काढायचा. उलट क्रमाने गेले की ओढाताण होऊन कड फुटते.

छपराचा तीन मीटरचा एक पत्रा चाळीस किलोच्या पुढे भरतो आणि भिजला की आणखी. दोघांनी आतून उचलायचा, दोघांनी बाहेरून झेलायचा आणि आडवा न लोंबकळवता हळूच खाली आणायचा. वरून टाकायचा तर मुळीच नाही. खाली अंगणभर प्लॅस्टिक अंथरले होते. छपराला सहा आणि भिंतींना पंधरा, असे एकवीस पत्रे. वजनाने पाऊण टनाला थोडे कमी. फांदीने तडकलेले दोन पत्रे सर्वांत आधी, भरपूर भिजवून, तुकडे हाताने उचलून जाड पिशवीत भरले.

अंगावर काय घालायचे, यावर बरीच हुज्जत झाली. नाकाला रुमाल बांधणे म्हणजे चाळणीने पाणी अडवणे. करोनाच्या काळातला निळा कापडी मास्कही तसाच. रबरी कडांचा, दोन्ही बाजूंना बदलता येणारी गाळणी असलेला अर्धमुखी मास्क लागतो आणि त्याची गाळणी सर्वांत बारीक धुळीच्या दर्जाची हवी. औद्योगिक सुरक्षेच्या वस्तूंच्या दुकानात तो मिळतो. तो चेहऱ्याला चिकटून बसला तरच उपयोग. दाढी असेल तर कडेने हवा शिरते. चौघांतल्या सर्वांत धाकट्याची दाढी बरीच जोपासलेली होती. ती काढायला तो तयार होईना. त्याला मी दोन दिवस फाटकाबाहेर पाण्याच्या आणि सामानाच्या फेऱ्यांवर ठेवले, आणि लहान मुलांना आत येऊ न देण्यावर. करोनातले पांढरे पीपीई अंगरखे मात्र इथे नेमके कामाला आले. काम संपल्यावर ते तिथेच ओले करून, उलटे गुंडाळून कचऱ्याच्या पिशवीत घातले. त्यानंतर हात-तोंड-केस धुतले आणि सर्वांत शेवटी मास्क काढला. घरी धुवायला काहीही न्यायचे नाही, ही अट मी कामाआधीच घातली होती. ती लंडनमधल्या बायकांसाठी नव्हती. या चौघांच्या घरीही नळावर कपडे धुणाऱ्या बायका आहेत.

जमीन झाडली नाही. झाडूने बसलेली धूळ पुन्हा उठते. जे पडले ते ओल्या फडक्याने टिपले आणि फडकीही पिशवीत घातली. पन्हाळीत साचलेला काळा गाळ नुसती माती वाटतो, पण पत्र्याच्या झिजेतले धागे त्यात उतरलेले असतात. तोही ओलाच खरवडून भरला. पत्रे आधी पातळ प्लॅस्टिकमध्ये आणि मग शेततळ्याला अंथरतात त्या जाड कागदाच्या उरलेल्या तुकड्यांत गुंडाळून, चिकटपट्टीने बंद केले. वर रंगाने लिहिले, ‘अॅस्बेस्टॉस – फोडू नये’. त्या रात्री पहिल्यांदाच घरातल्या सगळ्यांनी त्या पत्र्याचे पूर्ण नाव वाचले असेल.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण हे वाचून कुणी उद्याच छपराला हात घालायला नको. पत्रा धड असेल, कुठे तडा नसेल, हात लागेल इतक्या खाली नसेल, तर तो काढण्यापेक्षा राहू देणेच शहाणपणाचे. शेवाळ काढायला तारेच्या ब्रशने घासू नका, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊ नका, नवे भोक पाडू नका. रंग द्यायचा तर पृष्ठभाग न घासता. लहानसा तडा बाहेरून पट्टी लावून बुजवता येतो. आणि नवे छप्पर घालताना दुकानदाराला ‘अॅस्बेस्टॉस नसलेला पत्रा’ असे स्पष्ट शब्दांत विचारा. तसले फायबर सिमेंटचे पत्रे मिळतात, दिसायला सारखेच असतात. नुसते ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणून मागितलात तर जो येईल तो तुमचा.

पत्रे उतरले. पण उतरवणे हे काम निम्मेच होते.

आमच्याकडे भांडी-धुण्याला येणाऱ्या ताईंनी दुसऱ्याच दिवशी मला बाजूला घेतले. “काकू, ते पत्रे टाकूनच द्यायचेत ना? माझ्या भावाचं घर उघडं आहे, मागची पडवी. त्याला दहा दिले तर तो स्वतः येऊन घेऊन जाईल.” मी नाही म्हटले. तिने का असे विचारले. मी समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “एवढी वर्षं तुम्ही त्याच्याखाली गाडी ठेवलीत, पोरं खेळली, तेव्हा काही झालं नाही ना?” या प्रश्नाला माझ्याकडे तर्काचे उत्तर होते, पण ते देताना माझा आवाज खाली गेला. शाबूत पत्र्याखाली राहण्यात धोका थोडा, हे मीच वर लिहिले आहे. पण तिचा भाऊ ते अठ्ठेचाळीस वर्षांचे पत्रे टेम्पोत रचणार, पडवीच्या मापाला कापणार, नवी भोके पाडणार, पोरे आजूबाजूला उभी राहून बघणार. आणि उघड्या पडवीत पाऊस येतो तो काही वीस वर्षांनी येत नाही, या जूनमध्येच येतो. शेवटी पडवीसाठी रंगीत लोखंडी पत्रे आम्ही घेऊन दिले. हा काही सगळ्यांना सांगण्यासारखा तोडगा नाही. जुन्या बाजारात पत्र्यांची थप्पी विकायला असतेच आणि ती घेणारा माझ्या ओळखीचा नसतो.

मग हे गाठोडे न्यायचे कुठे? मी एका कार्यालयात चौकशीला गेले. तिथल्या गृहस्थांनी ‘डेब्रिज ना, घंटागाडीला थोडे-थोडे देत जा’ असा सल्ला दिला. दुसऱ्या ठिकाणी सांगितले की घातक कचरा आमच्याकडे येत नाही. दोघेही आपापल्या परीने सौजन्याने वागले. कायद्याकडे पाहिले तर २०१६ सालच्या घातक कचऱ्याच्या नियमांत, कारखान्यातून निघणारा अॅस्बेस्टॉसचा टाकाऊ माल यादीत आहे. परदेशातून असला कचरा आणायला तर सक्त मनाई आहे. भारतीय मानक संस्थेने अॅस्बेस्टॉसच्या टाकाऊ मालाची विल्हेवाट कशी लावावी याचे मानक १९८६ सालीच काढले, क्रमांक ११७६८. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे घातक कचरा शास्त्रीय पद्धतीने पुरण्याची केंद्रेही आहेत. पण ही सगळी व्यवस्था कारखाना डोळ्यांसमोर ठेवून रचलेली. कारखान्याला परवाना असतो, खाते असते, ने-आण करणारी नोंदलेली गाडी असते. एका गॅरेजच्या मालकिणीला यातले काही नसते. ब्रिटनमध्ये अनेक ठिकाणी स्थानिक पालिकेकडे आधी कळवून, ठरल्या पद्धतीने गुंडाळून, घरगुती पत्रे नेमून दिलेल्या केंद्रावर देता येतात. आपल्याकडे प्रत्येक जिल्ह्याच्या गावी तेवढे एक कुंपण, एक बंद पेटारा आणि आठवड्यातला एक वार ठरवला तरी चालेल. जुना पत्रा विकून मिळणाऱ्या चार पैशांशी त्याला स्पर्धा करावी लागेल, म्हणून तो मोफत हवा.

घंटागाडीला देण्याचा सल्ला मी मानला नाही, कारण त्या गाडीत मागे दोन बायका उभ्या राहून हाताने कचरा निवडतात. शेतातल्या खड्ड्यात पुरून टाका, असेही काही हितचिंतकांनी सुचवले. उद्या तिथे नांगर किंवा जेसीबी फिरला म्हणजे तो पुन्हा वर. तूर्त आमचे एकवीस पत्रे मागच्या भिंतीशी, सावलीत, विटांवर आडवे रचून ठेवले आहेत. लेखी अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना मी एवढेच सुचवीन की तोंडी चौकशीवर न थांबता कागद द्या, पत्र्यांची संख्या आणि वजन लिहा आणि प्रत जपून ठेवा. दहा-वीस घरांचे असे कागद एका टेबलावर जमले तर कुणाला तरी त्यांची फाइल उघडावी लागेल.

गेल्या पंधरवड्यात आमच्या त्या मुकादमाचा फोन आला. एका जुन्या शाळेच्या शेडचे काम मिळते आहे, ऐंशी पत्रे आहेत, उन्हाळ्याच्या सुट्टीत उतरवायचेत. शाळेला त्याने पाण्याचे, प्लॅस्टिकचे आणि चार दिवस जास्तीच्या मजुरीचे सांगितले. दुसऱ्या एकाने पत्र्यांच्या बदल्यात फुकट काम करतो असे सांगितले आहे. शाळेच्या समितीची बैठक पुढच्या गुरुवारी आहे. “बाई, तुम्ही येऊन ती आकृती काढून दाखवाल का?” असे त्याने विचारले. मी जाणार आहे. मास्कच्या गाळण्यांच्या सहा जोड्या उरल्या होत्या, त्या त्याच्या माणसाकडे आजच पाठवल्या. आणायला तो धाकटाच आला होता. या वेळी गुळगुळीत दाढी करून.